व्हिडिओ अपॉइंटमेंटचे समाधान मोजताना डॉक्टरांनाही विचारा: क्रीडावैद्यक विभाग चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
क्रीडावैद्यक विभागांचे प्रमुख, रुग्णालयांचे व्यवस्थापन आणि व्हिडिओ अपॉइंटमेंटचे वेळापत्रक ठरवणारे सर्व संबंधित

विषय: क्रीडावैद्यकातील व्हिडिओ अपॉइंटमेंट आणि समाधानाची मोजणी

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ अपॉइंटमेंट संपली की रुग्णाच्या फोनवर पाच ताऱ्यांचा प्रश्न येतो. बहुतेक जण चार किंवा पाच तारे देऊन मोकळे होतात. त्यांची सरासरी निघते आणि तिच्यावर पुढचे निर्णय होतात: आणखी किती स्लॉट व्हिडिओकडे वळवायचे, तपासणीच्या खोल्या किती कमी करायच्या, एका डॉक्टरच्या नावावर तासाला किती रुग्ण लावायचे. आम्ही क्रीडावैद्यक आणि फिजिओथेरपीत काम करणारी माणसे आहोत. योग्य रुग्णासाठी व्हिडिओ ही उत्तम सोय आहे, याबद्दल आमच्यात दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो या एका आकड्यावर सगळे ठरवण्याला. त्यात अर्धाच हिशेब येतो. उरलेला अर्धा डॉक्टरकडे असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही.

आधी रुग्णाच्या समाधानाचे बघू. कॉल संपल्यावर दोन मिनिटांत रुग्ण कशाबद्दल समाधानी असतो? प्रवास वाचला, कामावर सुट्टी टाकावी लागली नाही, कुबड्या घेऊन जिने चढावे लागले नाहीत, डॉक्टरांनी नीट ऐकून घेतले. हे सगळे खरे आहे आणि मोलाचेही आहे. पण निदान बरोबर होते का, हे त्याला त्या घडीला ठाऊक नसते. ते कळायला कित्येक आठवडे जातात. शिवाय ज्याचा कॉल लागलाच नाही, किंवा मध्येच तुटला आणि पुन्हा जोडला गेला नाही, त्याला अनेक ठिकाणी प्रश्नावली जातच नाही, कारण प्रणालीच्या लेखी त्याची भेट 'पूर्ण' झालेली नसते. म्हणजे सर्वांत नाराज माणूस मोजणीतून आपोआप गळतो.

या आकड्यांना २०२० ची पार्श्वभूमीही आहे. साथीच्या त्या वर्षात क्रीडावैद्यकाची क्लिनिक बघता बघता व्हिडिओवर गेली, ठिकठिकाणी सर्वेक्षणे झाली आणि रुग्णांचे समाधान भरघोस नोंदले गेले. त्या वेळी दुसरा पर्याय कुठलीच भेट न मिळण्याचा होता. दार बंद असताना खिडकीतून मिळालेल्या मदतीचे मोल कुणालाही जास्तच वाटणार. आता दार उघडे आहे, तेव्हा तुलना प्रत्यक्ष तपासणीशी करायला हवी. जुने आकडे पुढे करून ती टाळता येणार नाही.

उत्तर नॉर्वेतल्या एका चाचणीचा दाखलाही वारंवार दिला जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत अस्थिविकारांचे ३८९ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले होते, आणि व्हिडिओवरच्या भेटीचा दर्जा प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी ठरला नाही. चाचणी चांगली आहे. पण तिथे रुग्ण ज्या केंद्रात बसला होता, त्या केंद्रात त्याच्याजवळ प्रशिक्षित परिचारिका हजर होती. घरात एकटाच, फोन उशीला टेकवून बसलेल्या रुग्णाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. दाखला देताना ही परिचारिका हमखास गाळली जाते.

क्रीडावैद्यकात आणखी एक अडचण आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत मोठी आहे. आमच्याकडे येणाऱ्या खेळाडूच्या मनात बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: खेळू का? 'खेळ' म्हणणाऱ्या डॉक्टरला पाच तारे मिळतात. 'सहा आठवडे धावणे बंद' म्हणणाऱ्याला दोन मिळतात, मग तो सल्ला कितीही योग्य असो. अशा ताऱ्यांवर डॉक्टरचे मूल्यमापन किंवा मानधन बेतले, तर आपण नकळत लवकर परवानगी देण्याला बक्षीस लावतो. व्हिडिओवर हा धोका वाढतो, कारण तिथे नाही म्हणायला लागणारा पुरावा डॉक्टरच्या हाती कमी असतो.

आता डॉक्टरांच्या बाजूकडे येतो. डॉक्टरचे समाधान म्हणजे कॅमेरा बरा चालला का, एवढेच नव्हे. 'मी जे सांगितले त्याची मला किती खात्री आहे', हा त्याचा गाभा. खेळताना गुडघा पिळला, आत काहीतरी 'कट' झाल्यासारखे वाटले आणि दोन-तीन तासांत गुडघा फुगला, एवढ्या हकिकतीवरून गुडघा आतून स्थिर ठेवणारा पुढचा बंध, म्हणजे अँटीरियर क्रूसिएट लिगामेंट किंवा एसीएल, फाटल्याचा संशय येतो. खात्रीसाठी लॅकमन चाचणी करतात. गुडघा २० ते ३० अंश वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. ती किती सरकली हे महत्त्वाचे. त्याहून महत्त्वाचे हे की सरकण्याच्या शेवटी ती ठक्कन अडते की मऊसर वाहत जाते. हा शेवट बोटांनाच कळतो. कॅमेरा कितीही चांगला असला, घरातले कुणी मदतीला असले, तरी हे काम व्हिडिओवर होत नाही.

हाताखाली पुरावा नसलेला डॉक्टर तीनपैकी एक काहीतरी करतो. एमआरआय लिहून देतो, जो प्रत्यक्ष तपासणीनंतर कदाचित लागलाही नसता. किंवा रुग्णाला प्रत्यक्ष बोलावतो. मग पहिली भेट फुकट जाते. किंवा 'दोन आठवडे आराम करा, मग बघू' असे मोघम सांगून कॉल संपवतो. तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात रुग्ण खूश असतो, आकडे चांगले दिसतात आणि दोन आठवडे हातचे जातात. हे टाळायचे तर कुणाला व्हिडिओ द्यायचा, हे अपॉइंटमेंट देतानाच ठरले पाहिजे.

चाळणी कुठे लावायची, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या ठरलेल्या भेटी, पुनर्वसनाची प्रगती, जुन्या टेंडनदुखीत (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा पट्टा) व्यायामाचा भार वाढवणे-कमी करणे, एमआरआयचा रिपोर्ट समजावणे यांत व्हिडिओ प्रत्यक्ष भेटीच्या तोडीस तोड उतरतो. पुनर्वसनाला तर भक्कम आधारही आहे: कॅनडात गुडघ्याच्या सांधेबदलानंतरच्या २०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हिडिओवरची फिजिओथेरपी घरी येणाऱ्या फिजिओच्या तुलनेत उणी पडली नाही. रिपोर्ट समजावण्यात व्हिडिओ उलट सरस ठरतो. स्क्रीन शेअर करून स्कॅनवर बाण फिरवत बोलले की रुग्ण स्वतःचा गुडघा प्रथमच आतून बघतो, नेमके प्रश्न विचारतो, आणि दोन्ही बाजू समाधानाने उठतात.

याउलट काही रुग्णांना व्हिडिओचा स्लॉट देऊच नये. ताज्या दुखापतीनंतर काही तासांत फुगलेला गुडघा, अडकून बसलेला सांधा, पहिल्यांदाच निखळलेला खांदा, हाड मोडल्याचा संशय, ताप आणि सोबत गरम लाल सांधा, पायातली ताकद अचानक जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा किंवा लघवी अडणे, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर एकाच पोटरीला आलेली सूज: यातले एकही उत्तर 'हो' आले तर त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी, आणि गरज पडली तर थेट आकस्मिक विभाग. हे प्रश्न अपॉइंटमेंट घेणाऱ्याने फोनवर विचारायचे आहेत. संकेतस्थळावरच्या अर्जात चौकटी ठेवून काम भागत नाही, कारण घाईत असलेला माणूस सगळीकडे 'नाही' टिचकवतो.

दोन सापळे वेगळे सांगतो. वाढत्या वयातले मूल, साधारण १० ते १६ वर्षांचे, 'गुडघा दुखतो' म्हणते आणि लंगडते, तेव्हा दुखण्याचे मूळ खुब्यात असू शकते. मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या थरावरून घसरलेले असण्याची शक्यता असते. व्हिडिओवर कॅमेरा गुडघ्याकडे रोखलेला असतो आणि खुबा चौकटीबाहेर राहतो. दुसरा सापळा लांब अंतर धावणाऱ्यांचा. जांघेत खोल दुखते आणि वजन टाकले की वाढते, अशा रुग्णाला कॅमेऱ्यासमोर एका पायावर उड्या मारायला मुळीच सांगू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाची चीर, म्हणजे सततच्या भाराने पडलेली बारीक भेग, असेल तर ती तिथेच पूर्ण मोडू शकते. त्याने त्या पायावरचा भार थांबवायचा आणि लगेच प्रत्यक्ष तपासणी व स्कॅनसाठी यायचे.

चाळणीतून आत आलेल्या रुग्णाची भेट मात्र मन लावून करायला हवी, आणि इथे तयारीला पर्याय नाही. आज बहुतेक ठिकाणी रुग्णाला एक लिंक जाते आणि 'वेळेवर हजर राहा' एवढाच निरोप. मग अपॉइंटमेंटची पहिली सात-आठ मिनिटे 'फोन जरा मागे घ्या, अजून मागे, आता पाय दिसत नाहीत' यातच जातात. आदल्या दिवशी एक छोटा, चित्रांसकट निरोप गेला तर ही वेळ वाचते. त्यात काय असावे, ते सविस्तर लिहितो, कारण घोडे नेमके इथेच अडते.

फोन हातात धरायचा नाही. तो आडवा करून पुस्तकांच्या चळतीला टेकवायचा, आणि जो सांधा बघायचा त्याच्या उंचीवर ठेवायचा. पूर्ण शरीर दिसायला दोन ते तीन मीटर अंतर लागते. उजेड रुग्णाच्या समोरून यावा. पाठीमागे खिडकी असली की रुग्णाची नुसती काळी आकृती दिसते आणि सूज, लाली, स्नायूंची झीज काहीच कळत नाही. खुब्याखालच्या तक्रारीसाठी आखूड चड्डी आणि अनवाणी पाय, खांद्यासाठी बिनबाह्यांचा कपडा. हात नसलेली एक खुर्ची, मोकळी भिंत, मोजपट्टी आणि पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली जवळ ठेवायची. ही बाटली जवळपास एक किलोचे वजन होते, म्हणून खांद्याची ताकद दोन्ही बाजूंना सारख्याच वजनाने बघता येते. शक्य असेल तर घरातले एक माणूस मदतीला असावे.

कोन मोजण्यात सर्वांत जास्त चुका होतात. खांदा बाजूने वर उचलताना कॅमेरा रुग्णाच्या बरोबर समोर हवा, गुडघा वाकवताना बरोबर बाजूला. कॅमेरा तिरपा असला की कोन चुकीचा भासतो, आणि पुढच्या खेपेला तो वेगळ्या जागी ठेवला तर सुधारणा नसताना सुधारणा दिसते. म्हणून फोन आणि पाय कुठे ठेवले होते, ते जमिनीवर चिकटपट्टीने खुणवून ठेवायला सांगावे आणि ते अंतर नोंदीत लिहावे.

डावे-उजवे हा असाच एक घोटाळा. रुग्णाला स्वतःचे चित्र आरशासारखे उलटे दिसते, डॉक्टरला बहुधा सरळ दिसते. डॉक्टरांनी हात वर करून दाखवला की रुग्ण आरशात बघून करावे तसा दुसराच हात उचलतो. दुखऱ्या बाजूच्या मनगटावर किंवा घोट्यावर रंगीत पट्टी लावायला सांगावी आणि सुरुवातीलाच 'पट्टी कुठल्या बाजूला आहे?' असे विचारून नोंद करावी. पुढे स्कॅन किंवा इंजेक्शन चुकीच्या बाजूला लिहिले जाण्याचा धोका यामुळे बराच कमी होतो.

एवढी तयारी असली की व्हिडिओवरही पुष्कळ बघता येते. दुखरी जागा 'एका बोटाने' दाखवायला सांगावी. पूर्ण तळहात फिरवून दाखवलेली जागा काहीच सांगत नाही. हात बाजूने वर नेताना ६० ते १२० अंशांच्या मधल्या टप्प्यात दुखत असेल तर खांद्याच्या वरच्या टेंडनकडे लक्ष जाते. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगायचा आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे जास्तीत जास्त अंतर मोजपट्टीने वाचायला सांगायचे. यातला एक सेंटिमीटर घोट्याच्या साधारण ३.६ अंशांइतका असतो, आणि इथे आकडा रुग्णच वाचतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या तिरपेपणाने बिघडत नाही. दोन्ही पायांतला फरक बघायचा. एका पायावर टाच किती वेळा पूर्ण वर उचलता येते, एका पायावर बसताना गुडघा आत पडतो का, जिन्याच्या पायरीवरून हळू उतरताना कंबर झुकते का, हे तर घरात जास्त खरे दिसते. पायरीची उंची, बुटांची झीज, सायकलची बैठक असे जे क्लिनिकमध्ये कधीच समोर येत नाही, तेही कॅमेरा वळवला की दिसते.

पोटरीत मागून कुणीतरी मारल्यासारखे वाटले, अशी हकिकत असेल तर रुग्णाला पालथे झोपवून दोन्ही गुडघे ९० अंशांत वाकवायला सांगावे. टाचेमागचे अकिलीस टेंडन शाबूत असलेल्या बाजूचे पाऊल किंचित वरच्या दिशेला टोकदार राहते. अकिलीस तुटले असेल त्या बाजूचे पाऊल सपाट पडते किंवा नडगीकडे झुकते. दोन पावलांतला हा फरक कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसतो. मदतीचे माणूस असेल तर त्याला पोटरी दाबायला सांगून पाऊल हलते का तेही बघता येते. शंका उरली तर रुग्णाला त्याच दिवशी बोलवावे.

लचकलेल्या घोट्याला एक्स-रे हवा की नको, हे ठरवायला कॅनडात १९९२ मध्ये तयार झालेले ओटावा निकष जगभर वापरतात: घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये किंवा टोकावर, हाड दाबल्यावर दुखणे, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे. पावलाच्या मध्यासाठी करंगळीकडच्या हाडाचे बूड आणि आतल्या बाजूचे नॅव्हिक्युलर हाड तपासतात. रुग्णाला जागा दाखवून त्याच्याकडूनच दाबून घेता येते. पण हे निकष तपासणाऱ्याच्या बोटांसाठी ठरवले होते, रुग्णाच्या नव्हे. दुखते म्हणून तो हळूच दाबतो आणि 'नाही दुखत' म्हणतो. म्हणून आमचे सांगणे असे की व्हिडिओवर हे निकष एक्स-रे 'हवा' हे ठरवायला खुशाल वापरावेत. 'नको' ठरवताना मात्र चार पावले कॅमेऱ्यासमोर टाकून घेतल्याशिवाय थांबू नये.

धावण्याचे परीक्षण थेट कॉलवर करण्याच्या भानगडीत पडूच नये. थेट चित्रात चौकटी (फ्रेम) गळतात आणि पाऊल जमिनीला टेकण्याचा नेमका क्षणच हरवतो. रुग्णाने आधीच स्लो मोशनमध्ये, सेकंदाला १२० किंवा २४० चौकटींवर, स्थिर ठेवलेल्या फोनने कमरेच्या उंचीवरून एकदा मागून आणि एकदा बाजूने चित्रफीत काढून रुग्णालयाच्या सुरक्षित प्रणालीवर टाकावी. डॉक्टर ती थांबवून, मागेपुढे करून बघू शकतात, आणि अपॉइंटमेंटची वेळ बोलण्याला उरते.

आता खोलीतल्या न दिसणाऱ्या माणसाविषयी. खेळाडूच्या व्हिडिओ भेटीत प्रशिक्षक, संघाचे व्यवस्थापक किंवा पालक कॅमेऱ्याबाहेर बसलेले असतात, आणि खेळाडूची नजर उत्तर देण्याआधी बाजूला वळते. क्लिनिकमध्ये 'तुम्ही जरा बाहेर थांबता का?' असे सहज म्हणता येते. व्हिडिओवर कोण बसले आहे हेच कळत नाही. सुरुवातीलाच खोलीतल्या सर्वांना कॅमेऱ्यासमोर यायला सांगावे, त्यांची नोंद करावी आणि नंतर काही मिनिटे खेळाडूशी एकट्याशी बोलावे. तेवढ्यापुरते त्याला इयरफोन लावायला सांगावे, म्हणजे प्रश्न दुसऱ्याच्या कानावर जात नाही. अल्पवयीन खेळाडूच्या तपासणीला पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती हजर हवीच, पण बोलण्याचा काही भाग त्याचा स्वतःचा असावा. ताणाच्या चिरा वारंवार होणाऱ्या खेळाडूशी खाणे, वजन, मासिक पाळी याबद्दल बोलावे लागते. स्वतःच्या खोलीतून अशी गोष्ट सांगणे काहींना क्लिनिकपेक्षा सोपे जाते, पण प्रशिक्षक शेजारी बसला असेल तर ती कधीच बाहेर येत नाही.

डोक्याला मार लागल्यावरही हेच. लक्षणे लपवून मैदानात परतायची घाई तिथे सर्वांत जास्त असते. ॲमस्टरडॅमला २०२२ मध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार खेळात परतण्याचे सहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यायचे आहेत. लक्षणांची यादी, स्मरणशक्ती, डोळ्यांच्या हालचाली हे व्हिडिओवर तपासता येते, टप्प्यांचा पाठपुरावाही उत्तम होतो. मान मात्र व्हिडिओवर नीट तपासता येत नाही, आणि तोल बघताना शेजारी धरायला माणूस नसेल तर ती चाचणी सोडून द्यावी. उलट्या, फिट, वाढत जाणारी डोकेदुखी, दुहेरी दिसणे, गुंगी यातले काही असेल तर कॉल थांबवून रुग्णाला आकस्मिक विभागात पाठवावे.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात, कारण हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. नव्या रुग्णाच्या व्हिडिओ भेटीला ३० मिनिटे द्यावीत, फेरभेटीला १५. अपॉइंटमेंटच्या दहा मिनिटे आधी सहायकाने कॉल लावून आवाज, उजेड, कपडे, पट्टी, रुग्णाचा सध्याचा पत्ता आणि पर्यायी फोन नंबर एवढे बघून घ्यावे. रुग्ण कॉलवरच कोसळला तर मदत कुठे पाठवायची, हे त्या पत्त्यावरून कळते. प्रत्यक्ष आणि व्हिडिओचे रुग्ण एकाच सत्रात आलटून पालटून लावू नयेत. एका प्रत्यक्ष रुग्णाला इंजेक्शन द्यायला वेळ लागला की पुढचा व्हिडिओवाला रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो; बाहेर बसलेल्या रुग्णाला निदान गर्दी दिसते, याला काहीच दिसत नाही, आणि तो निघून जातो. चित्र अडखळले तरी निभावते, आवाज अडखळला की भेट बुडते. म्हणून आवाज दोनदा तुटला की वाट न बघता आवाज फोनवर घ्यावा आणि चित्र तेवढे चालू ठेवावे. आणि सलग व्हिडिओ भेटींच्या मध्ये डॉक्टरला नोंद लिहायला वेळ हवा; ती वेळ स्लॉटमध्ये धरली नाही तर ती डॉक्टरच्या घरच्या वेळातून जाते, आणि नाराजी तिथूनच साठू लागते.

भेट संपल्यावर रुग्णाच्या हाती त्याच दिवशी लेखी योजना पडायला हवी. क्लिनिकमधून माणूस कागद घेऊन निघतो. व्हिडिओतून तो फक्त आठवण घेऊन निघतो, आणि ती दुसऱ्या दिवशीच धूसर होते. तीनपेक्षा जास्त व्यायाम देऊ नयेत. प्रत्येकासमोर किती वेळा, किती फेऱ्या, आठवड्यातून किती दिवस हे लिहावे, आणि दुखण्याची मर्यादाही: करताना १० पैकी ३ पर्यंत दुखले तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या पातळीवर आले नाही तर फेऱ्या कमी करायच्या. तेच व्यायाम कॉलवर एकदा करून घ्यावेत. समजले का असे विचारून काही कळत नाही, करून दाखवायला सांगितले की कळते.

आता मोजणीबद्दल. डॉक्टरने नोंद बंद करताना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पाव मिनिटाचे काम आहे. निदानाची खात्री ० ते १० मध्ये किती? तपासणीतले काय राहून गेले, आणि ते झाले असते तर निर्णय बदलला असता का? ही भेट व्हिडिओसाठी योग्य होती का? रुग्णाला त्या दिवशी आवाज-चित्र, ऐकून घेतले जाणे आणि पुढची योजना याबद्दल विचारावे, कॉल अर्धवट तुटलेल्यांनाही. यंत्रणेची सोय मोजायला २०१६ ची २१ प्रश्नांची टेलिहेल्थ युजेबिलिटी क्वेश्चनेअर आहेच. पण खरा प्रश्न सहा आठवड्यांनी विचारावा. त्यासाठी रुग्णाने पहिल्या भेटीत स्वतःला अवघड जाणाऱ्या तीन ते पाच हालचाली निवडून प्रत्येकीला ० ते १० गुण द्यायचे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा द्यायचे. ही साधी पद्धत १९९५ पासून वापरात आहे. सोबत दोन गोष्टी नोंदींमधून काढाव्यात: ३० दिवसांत त्याच तक्रारीसाठी प्रत्यक्ष यावे लागले का, आणि निदान बदलले का.

हे सगळे एकाच सरासरीत कालवू नये. नवी भेट की फेरभेट, ताजी दुखापत की जुनी, कुठला सांधा, असे वेगवेगळे मांडावे. नाहीतर सोप्या फेरभेटींचे प्रमाण वाढले की सरासरी आपोआप चढते आणि प्रत्यक्षात काहीच सुधारलेले नसते. आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा गठ्ठा असेल तो ज्यात रुग्णाने पाच तारे दिले आणि डॉक्टरने खात्री ५ किंवा त्याखाली लिहिली. दर महिन्याला विभागाने एकत्र बसून या गठ्ठ्यातल्या नोंदी वाचाव्यात. चाळणीत कुठला प्रश्न सुटला, तयारीत काय राहिले, कुठला सांधा व्हिडिओवर घेऊ नये, हे तिथेच सापडेल. यातला कुठलाही आकडा डॉक्टरच्या मानधनाशी जोडू नये. जोडला की त्या दिवसापासून सगळेच डॉक्टर खात्री ९ लिहू लागतील.

आमची मागणी एवढीच आहे. एक विभाग, एक सांधा निवडा; गुडघा घ्या, कारण त्यात व्हिडिओला जमणारे आणि न जमणारे दोन्ही भरपूर आहे. तीन महिने चाळणीचे प्रश्न फोनवर विचारा, आदल्या दिवशीचा निरोप पाठवा, सहायक द्या, आणि दोन्ही बाजूंच्या नोंदी ठेवा. पुढचे वेळापत्रक ठरवण्याच्या बैठकीत प्रत्यक्ष व्हिडिओ भेटी घेणारे किमान दोन डॉक्टर आणि एक फिजिओ बसवा. आणि ते आकडे हाती येऊन वाचले जाईपर्यंत तपासणीची एकही खोली बंद करू नका.

कळावे,

आपले,
क्रीडावैद्यक आणि फिजिओथेरपीत काम करणारे